चारच्या वरचा आकडा

चार वाजता लॅबचं शटर वर केलं तर उत्तम सूर्यवंशी पायरीवर बसलेला. मला बघून तो उठला, शर्टाची वरची दोन बटणं काढली, आतल्या जाड कापडी बंडीच्या खिशात हात घातला आणि रुमालाची पुरचुंडी काढून दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरली. रुमालात रक्ताचा बल्ब होता. रक्त भरायच्या त्या बोटभर नळीला आम्ही लॅबवाले बल्ब म्हणतो.

"लई जपून आणलंय ताई," तो म्हणाला. "साडेबाराला काडलं तवापासनं अंगावेगळं केलं न्हाई."

मी बल्ब हातात घेतला. नुकत्याच घातलेल्या अंड्यासारखा तो कोमट होता.

ही गोष्ट दोन हजार नऊ सालची, दिवाळीच्या तीन आठवडे आधीची. मी चोवीस वर्षांची होते आणि विट्यात जंगम सरांच्या लॅबमध्ये टेक्निशियन होते. तेव्हा भारनियमनाचा कहर होता. दुपारी बारा ते चार वीज नसायची आणि इन्व्हर्टरवर आमचं मशीन चालत नसे. त्यामुळे बारा वाजता शटर खाली आणि चारला वर. गावाला हे पाठ होतं. उत्तमला माहीत नव्हतं, कारण तो गावात राहतच नव्हता.

तो गलाईवाला. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम म्हणजे गलाई. आमच्या खानापूर तालुक्यातली निम्मी घरं या धंद्यापायी मुलखात पांगलेली. कुणी कोइम्बतूरला, कुणी सेलमला, कुणी पार कलकत्त्याला. गावाकडे मोठाले बंगले बांधायचे, त्यांना संगमरवरी फरशा घालायच्या आणि आत एका म्हाताऱ्या माणसाला ठेवून निघून जायचं, ही आमच्याकडची रीत. त्या लोकांच्या अंगात कायम एक बंडी असते आणि बंडीला आतून खिसा असतो. सराफाकडचा माल त्यातून न्यायचा. माल म्हणजे छातीशी, ही सवय बापाकडून मुलाकडे आलेली. उत्तमला हॉस्पिटलमधल्या सिस्टरनं सांगितलं होतं, हा बल्ब जपून न्या, आईचं सगळं यावर आहे. मग त्यानं तो कुठं ठेवला असता?

आईचं सगळं यावर आहे, हे सिस्टरनं खोटं सांगितलं नव्हतं. गजराबाई सूर्यवंशी, वय अठ्ठ्याहत्तर. लघवीचा संसर्ग झाला आणि तो रक्तात पसरला, म्हणजे सेप्सिस. शेजाऱ्यांनी आदल्या दिवशी त्यांना डॉक्टर सातपुत्यांकडे आणून टाकलं होतं आणि दोन्ही मुलगे त्या दिवशी सकाळी येऊन पोचले होते. डॉक्टरांचं हॉस्पिटल चौदा खाटांचं. जास्त लागलं तर मिरजेला आयसीयूत हलवायचं.

कुणाला हलवायचं आणि कुणाला नाही, हे ठरवायला डॉक्टरांनी नुकताच एक तक्ता आणला होता. पुण्याला ते एका परिषदेला गेले होते, तिथून. पासष्टच्या वरचा पेशंट, सेप्सिस, तर रक्तातलं लॅक्टेट बघा. शरीराला पुरेसं रक्त आणि हवा पोचेनाशी झाली की ते वाढतं. दोनच्या खाली असेल तर बरं, दोन ते चार असेल तर झुंजण्यात अर्थ आहे, चारच्या वर गेलं तर त्या वयाचे फार थोडे वाचतात. सोबत प्लेटलेट, क्रिएटिनिन असले रकाने होते, पण डॉक्टरांचं बोट नेहमी लॅक्टेटवर जायचं. माणूस वाईट नव्हता. मिरजेला खाटेला हात बांधलेले, तोंडात नळी घातलेले म्हातारे त्यांनी पाहिले होते आणि ते त्यांच्या मनातून जात नव्हतं. चारच्या खाली आकडा आला की अँब्युलन्स बोलवायची आणि वर आला की नातेवाइकांना समोर बसवून सांगायचं, हाल करू नका, घरी न्या. त्या दिवशीही त्यांनी दोन्ही भावांना तसंच सांगून ठेवलं होतं.

म्हणजे तो कोमट बल्ब माझ्या हातात होता तेव्हा गजराबाईंनी मिरजेला जायचं की घरी, हेही माझ्या हातात होतं. हे मला त्याच वेळी कळत होतं. नंतर कळलं असं म्हणायची सोय मला नाही.

बल्बचं टोपण लाल होतं. लॅक्टेटसाठी राखाडी टोपणाचा बल्ब लागतो, त्यात रक्तातल्या पेशींना थोपवणारं औषध असतं. तो बर्फात घालून अर्ध्या तासात आणायचा असतो. मी उत्तमला विचारलं, बर्फ नाही दिला का? तो म्हणाला, सिस्टर बर्फाचं म्हणत होत्या, पण फ्रीज बंद होता. राखाडी बल्बही संपले होते असं काहीतरी त्या आपापसांत बोलत होत्या. मी त्याला बाकावर बसवलं आणि मशीन चालू केलं.

लॅक्टेट आलं सात पूर्णांक एक.

त्याच बल्बातून साखरही बघायची होती. ती आली त्रेचाळीस. मी हॉस्पिटलची चिठ्ठी पुन्हा बघितली. साडेबारा वाजता सिस्टरनं बोटातून थेंब काढून मोजलेली साखर होती एकशे अडतीस. रक्त अंगातून काढलं म्हणून लगेच मरत नाही. बल्बातल्या पेशी जिवंत असतात, खात असतात, साखर संपवतात आणि लॅक्टेट टाकतात. उबेत ठेवलं तर जास्तच. त्यातून गजराबाईंच्या रक्तात पांढऱ्या पेशी तिप्पट झालेल्या. साडेतीन तास ते रक्त उत्तमच्या छातीच्या उबेला बसून जेवत होतं. सातातलं किती आईच्या अंगातलं आणि किती मुलाच्या खिशातलं, हे आता देवालाही सांगता आलं नसतं.

सर आतल्या खोलीत पेपर वाचत होते. मी जाऊन सांगितलं की नमुना नाकारायला हवा, दुसरा मागवते. सरांनी चष्म्यावरून बघितलं. आमचं निम्म्याहून जास्त काम सातपुत्यांकडून यायचं. नमुना नाकारायचा म्हणजे त्यांच्या सिस्टरची चूक लेखी काढायची आणि लॅब चार तास बंद होती हेही आपल्या तोंडानं सांगायचं.

"आलेला नमुना आपण करतो," सर म्हणाले. "वाट पाहिली कुणी, खिशात ठेवला कुणी, ते आपल्याकडे नाही."

"निदान खाली लिहिते, नमुना उशिरा मिळाला."

"लिही."

मी लिहिलं. सर सही करायला आले, ती ओळ वाचली, आणि ती काढून पुन्हा छाप म्हणाले. मी काढली. पुन्हा छापला. हे सगळं सांगताना सरांचं नाव पुढे करायला बरं वाटतं, पण कीबोर्डवरचं बोट माझं होतं.

उत्तमनं पाकीट घेतलं. पन्नाशीला टेकलेला माणूस, पण त्या वेळी शाळेच्या निकालाला आल्यासारखा उभा होता. "बरं हाय न्हवं, ताई?" म्हणाला. मी म्हटलं, डॉक्टर सांगतील. आमच्या धंद्यात हे वाक्य फार कामाचं आहे, त्याच्याआड उभं राहून मी कितीतरी लोकांना वाटेला लावलंय. खरं सांगायचं तर त्याला सांगायची मला भीती वाटली. नमुना खराब झाला म्हटलं की तो विचारणार, कशानं. आणि मग मला त्याच्या बंडीकडे बोट दाखवावं लागणार.

अर्धा तास मी काम केलं असं म्हणायचं. एकाची लघवी तपासली, दुसऱ्याची साखर. हात चालत होते, डोकं हॉस्पिटलात. शेवटी कपाटातून राखाडी टोपणाचे दोन बल्ब घेतले, आईस्क्रीमवाल्याकडून डबाभर बर्फ मागून घेतला आणि सरांना सांगितलं की शिवाजी चौकात एका घरी जाऊन रक्त घ्यायचंय. सरांनी पेपरचं पान उलटलं. त्यांना कळलं नसेल असं मला वाटत नाही.

हॉस्पिटल चालत सात मिनिटांवर. दारात भाड्याची जीप उभी होती आणि ड्रायव्हर मागची सीट काढून खाली गादी अंथरत होता. म्हणजे ठरलं होतं.

डॉक्टर केबिनमध्ये एकटेच होते. मी बसलेही नाही, उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. लाल टोपण, बर्फ नाही, साडेतीन तास, साखर त्रेचाळीस. डॉक्टरांचा चेहरा उतरला. त्यांनी सिस्टरला हाक मारली. लोखंडे सिस्टर तीस वर्षांची नोकरी झालेली बाई, ती म्हणाली, राखाडी बल्ब शनिवारपासून संपलेत, मी दोनदा मागितले. डॉक्टर टेबलावर पेपरवेट फिरवत राहिले.

"आता मी त्यांना घरी न्या म्हणून सांगून बसलोय," ते म्हणाले.

"सर, दुसरा नमुना घेते. बर्फ आणलाय मी. वीस मिनिटांत आकडा देते."

"घे," ते म्हणाले. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "चारच्या खाली आला तर मिरजेला पाठवू. मी बोलतो त्यांच्याशी."

मला एकदम हलकं वाटलं. त्या वीस पावलांत, केबिनपासून वॉर्डापर्यंत, मी स्वतःवर खूश होते. अजून आठवलं की लाज वाटते.

गजराबाई जाग्या होत्या. सलाईन काढलेलं, अंगावर घरचं लुगडं नेसवलेलं, केस विंचरून बांधलेले. घरी न्यायचं म्हणून कुणीतरी त्यांना आवरून ठेवलं होतं. उत्तम पायाशी बसून त्यांचे तळवे चोळत होता. मी हात हातात घेतला तर हाताला ताप लागला, पण नाडी मिळाली, चांगली मिळाली.

"आणि किती घेतीस गं?" त्या म्हणाल्या. बोलताना धाप लागत होती. "ऱ्हायलंय का काय आत?"

मी म्हटलं, थोडंच हवंय, आजी. त्यांनी विचारलं, तू कुणाची? मी म्हटलं, भाळवणीच्या शिंद्यांची. त्यांनी डोळे मिटले, आठवलं आणि म्हणाल्या की भाळवणीत त्यांची नणंद दिली होती, ओढ्याच्या पलीकडं, बाभळीच्या बांधाला घर. मी ते घर ओळखत होते. मरायला टेकलेलं माणूस नणंदेच्या घराची खूण सांगत नाही. आवळलं की लॅक्टेट वाढतं, म्हणून मी दंडाचा पट्टा घट्ट न करता रक्त घेतलं, बल्ब बर्फात रोवला आणि घड्याळ बघितलं. पाच वाजून वीस मिनिटं.

तेवढ्यात मोठा मुलगा आत आला. दिनकर. कोइम्बतूरला त्याची स्वतःची मोठी गलाई, हाताखाली बारा माणसं. पांढरा शर्ट, बोलणं सावकाश. मागोमाग डॉक्टरही आले. डॉक्टरांनी सांगायला सुरुवात केली, की रिपोर्टमध्ये थोडी शंका आहे, पुन्हा बघतोय. दिनकरनं त्यांना पुरं बोलू दिलं आणि मग माझ्याकडे वळला.

"म्हंजी नमुना खराब झाला," तो म्हणाला.

मी हो म्हटलं.

"कशानं?"

उत्तमनं मान वर केली. तो माझ्याकडे बघत होता. मी म्हटलं, लॅब बंद होती, आमच्याकडून उशीर झाला. हे अर्धं खरं होतं आणि त्या अर्ध्यावर मी थांबले.

दिनकरला नमुना म्हणजे काय हे मला शिकवायची गरज नव्हती. त्यानंच मला सांगितलं की त्याच्या धंद्यात एका कसावर कुणी विश्वास ठेवत नाही. एका बाजूनं खरवडायचं, मग दुसऱ्या बाजूनं, आणि दोन्ही जुळलं तर बोलायचं. त्याला एका क्षणात सगळं कळलं, माझ्या सरांना कळलं होतं त्याहून जास्त. मी मनात म्हटलं, झालं, हा माणूस आता थांबणार.

त्यानं उत्तमला जीपवाल्याकडे जायला सांगितलं. उत्तम गेला. मग तो डॉक्टरांना म्हणाला, आवाज जराही न चढवता, "डॉक्टर, आता ऱ्हाऊ द्या."

"आकडा चांगला आला तर निम्मी तरी आशा आहे," डॉक्टर म्हणाले. "मिरजेला आठ-दहा दिवस लागतील. तुमच्यापैकी एकानं थांबायला लागेल."

"समद्यास्नी कळवून झालंय. भनी निघाल्यात, पावणं दारात येऊन बसल्यात. आईला घेऊन येतूय म्हणून मी सोता सांगितलंय. आता तिथनं मिरजंला न्यायची म्हंजी त्यास्नी काय सांगायचं?" तो जरा थांबला. पुढचं बोलायला त्याच्या जिवावर आलं होतं, ते मला दिसलं. "दोन वर्सांत ही तिसरी खेप हाय, डॉक्टर. शेवटचं बगाय या म्हणून फोन येतोय, समदं टाकून आमी येतूय. आन् दर खेपंला ती उटून बसती."

खाट दोन हातांवर होती. गजराबाईंचे डोळे उघडे होते.

दिनकर वाईट होता असं मी म्हणणार नाही. बोलून झाल्यावर त्याचा चेहरा असा झाला की तोंडातून निघालेलं परत घेता आलं असतं तर त्यानं घेतलं असतं. तो आईकडे वळला, आणि तो काही म्हणायच्या आत त्याच म्हणाल्या, "दिनकर, गाडी आत घ्याय सांग. घरला जाऊ."

"आई, तसं न्हाई..."

"जा. अंधार पडायच्या आत जाऊ."

तो गेला. डॉक्टरही त्याच्या मागोमाग गेले, कागदावर सही घ्यायला. वॉर्डात आम्ही दोघीच उरलो. मी बर्फाचा डबा छातीशी धरून उभी होते. मला वाटलं की काहीतरी बोलावं, आजी, तुम्ही नाही म्हणा, तुम्ही म्हणालात तर डॉक्टर ठेवून घेतील. मी तसं म्हटलंही. त्यांनी माझा हात धरला. हाताला जोर होता, ते मी कधी विसरले नाही.

"पोरी, एवढं आणलंयस तर बग जाऊन," त्या म्हणाल्या. "पर जी काय येईल ती ह्यास्नी सांगू नगंस. दोगास्नीबी न्हाई. त्यास्नी पुन्यांदा परत जायाचं हाय, तितं नीट झोप लागाय पायजे."

मी हो म्हटलं.

त्यांना खुर्चीतून दारापर्यंत नेलं, जीपमध्ये गादीवर निजवलं. उत्तम आत चढून त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसला. जीप गेल्यावर मी लॅबकडे धावले. पाच वाजून पन्नास मिनिटांनी आकडा आला. दोन पूर्णांक चार.

मी डॉक्टरांना फोन केला. आकडा सांगितला. मग ते म्हणाले, "सही करून नेलंय त्यांनी." मी म्हटलं, निदान इंजेक्शनं घरी द्यायला कुणाला पाठवता येईल का. ते म्हणाले, त्यांनी बोलावलं तर मी स्वतः जाईन. ते गेलेही असते. पण त्यांना कुणी बोलावलं नाही आणि त्यांनीही आपणहून फोन केला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता उत्तम लॅबमध्ये आला. रात्रभर जागा असावा. म्हणाला, दादा काही सांगत नाही, दुसऱ्यांदा घेतलेल्या रक्ताचं काय झालं? मी त्याच्याकडे बघितलं. मी शब्द दिला होता, आणि शब्द पाळणं त्या वेळी मला सोपंही जात होतं, हे लपवत नाही. मी म्हटलं, तेच आलं, थोडं इकडंतिकडं. त्यानं डोळे पुसले.

"बरं झालं," तो म्हणाला. "म्हंजी आमी चुकलू न्हाई."

दिनकर पाचव्या दिवशी कोइम्बतूरला गेला. उत्तम राहिला. मेडिकलमधून तो स्वतःच्या मनानं तापाच्या गोळ्या न्यायचा, तेवढंच औषध. सहाव्या दिवशी गजराबाईंनी पिठलं-भाकरी मागून खाल्ली. अकराव्या दिवशी उन्हाला अंगणात बसल्या. चौदाव्या दिवशी पुन्हा ताप चढला, कारण आतलं दुखणं जाग्यावरच होतं, ते मारायला कुणी औषध दिलेलं नव्हतं. एकोणिसाव्या दिवशी त्या गेल्या. ऐन दिवाळीत. मला हे सगळं भाळवणीच्या नणंदेच्या घरून कळत होतं आणि मी रोज विचारत होते.

इथंच संपलं असतं तर मी कदाचित ते पचवलंही असतं. म्हातारं माणूस होतं, तिनं स्वतः ठरवलं, असं म्हणून माणूस झोपी जाऊ शकतो. पण डॉक्टरांनी त्याच महिन्यापासून एक वही घातली होती. पासष्टच्या वरचा सेप्सिसचा प्रत्येक पेशंट, त्याचे आकडे, आणि शेवटच्या रकान्यात: अठ्ठावीस दिवसांत मृत्यू, होय किंवा नाही. परदेशात अठ्ठावीस दिवसच धरतात, म्हणून. पुढच्या पुण्याच्या परिषदेत आपल्या तालुक्याचे आकडे मांडायचे त्यांच्या मनात होतं. आकडे लॅबचे, म्हणून वही भरायचं काम माझ्याकडे आलं.

गजराबाईंच्या ओळीशी मी थांबले. वही घेऊन डॉक्टरांकडे गेले आणि विचारलं, सर, इथं दोन आकडे आहेत, कुठला धरायचा? त्यांना लगेच कळलं कुणाबद्दल बोलतेय. ते खिडकीबाहेर बघत होते.

"निर्णय पहिल्या आकड्यावर झाला," ते म्हणाले. "पहिलाच धर."

"पण सर, तो आकडाच नव्हता."

"सरोज, दोन पूर्णांक चार लिहून पुढं मृत्यू लिहिलास तर त्या ओळीचा अर्थ काय लागेल?"

त्यांचं बरोबर होतं. अर्थ एकच लागला असता, आणि तो आमच्या दोघांच्या अंगाशी आला असता. मी सात पूर्णांक एक लिहिलं. वय अठ्ठ्याहत्तर. मृत्यू, होय.

दोन वर्षांत चारच्या वरच्या अशा एकवीस ओळी झाल्या. एकवीसच्या एकवीस होय. मी एकदा मोजलं तर त्यातल्या सतरा जणांना आकडा बघून आम्हीच घरी पाठवलेलं होतं. मी ते डॉक्टरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, म्हणून तर त्यांचे हाल वाचले. परिषदेत त्यांना शाबासकी मिळाली. ग्रामीण भागातून असं काम कुणी करत नाही, असं कुणीतरी मोठा माणूस म्हणाल्याचं त्यांनी मला तीनदा सांगितलं.

परिषदेनंतरच्या पावसाळ्यात लेंगऱ्याचा एक म्हातारा आला, सोबत एकुलती एक लेक. चाळिशीची, शेतातून तशीच आलेली, पायाला चिखल. रक्त मी स्वतः घेतलं. राखाडी टोपण, बर्फ, बारा मिनिटांत मशीनवर. आकडा पाच पूर्णांक दोन, आणि अगदी खरा. रिपोर्ट द्यायला मी केबिनमध्ये गेले तेव्हा ती बाई समोर बसली होती.

डॉक्टरांनी आकडा वाचला आणि हळू आवाजात तिला समजावू लागले. हे काही पुस्तकातलं नाही, म्हणाले, आपल्याच तालुक्यातली माणसं आहेत. चारच्या वर गेलेली एकवीस माणसं आपण पाहिली. एकही वाचलं नाही.

"एकबी न्हाई?" बाई म्हणाली.

"एकही नाही. या मॅडमनीच सगळे आकडे काढलेत. विचारा त्यांना."

ती माझ्याकडे वळली. डोळे कोरडे होते आणि ती खरोखरच विचारत होती. मी एक शब्द बोलले असते तरी तिनं वडलांना मिरजेला नेलं असतं.

मी मान डोलावली, आणि ती घरी न्यायला गाडी बघायला गेली.